आकाशातल्या रेघांची नोंदवही

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास विदर्भात, खानदेशात आणि पलीकडे गुजरात-मध्य प्रदेशाच्या काही भागांत माणसं अंगणात, गच्चीवर, रस्त्याच्या कडेला एकदम थबकली. आकाशातून पेटत्या तुकड्यांची एक रांग चालली होती. पुढे ठळक ठिपके, मागे ठिणग्यांच्या शेपट्या. कुणी म्हणालं उल्का, कुणी म्हणालं विमान पेटलं, कुणाला क्षेपणास्त्राची शंका आली. बहुतेकांनी मोबाइल वर धरले. मग बातमी आली की चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं एक कडं आकाशातून येऊन पडलं आहे. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असते तसं गोल, पण व्यासाने त्याहून बरंच मोठं. आसपासच्या गावांत धातूचे पोकळ गोळेही सापडले.

हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्रातले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी या वस्तूची ओळख पटवली. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चीनच्या ‘लाँग मार्च ३ बी’ रॉकेटचा तो तिसरा टप्पा असावा. तो नेमका त्याच सुमाराला वातावरणात शिरणं अपेक्षित होतं, असं त्यांनी सांगितलं. वर्षभर पृथ्वीभोवती घिरट्या घालून रॉकेटचं ते रिकामं नळकांडं महाराष्ट्राच्या डोक्यावर जळालं होतं.

ही उल्का नव्हे, हे ओळखायला दुर्बीण लागत नाही. मनातल्या मनात आकडे मोजता आले की पुरे. उल्का वातावरणात शिरते ती सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने. पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू खाली येते ती सेकंदाला सुमारे ८ किलोमीटर वेगाने, तीही जवळजवळ आडवी. त्यामुळे उल्का बहुतेक वेळा ‘एक, दोन’ म्हणेपर्यंत संपते. ‘तीस, चाळीस’पर्यंत सावकाश मोजता आलं, तर ते बहुधा माणसानेच वर पाठवलेलं काहीतरी असतं. आणि त्या संध्याकाळी काढलेल्या चित्रफितींपैकी अभ्यासाला कामाच्या त्याच, ज्यांत वेळ नेमकी आहे, ठिकाण नेमकं आहे आणि कोपऱ्यात एखादं झाड, मनोरा किंवा ठळक तारा आला आहे. दृश्य कितीही देखणं असलं तरी ते कुठून आणि किती वाजता दिसलं हे कळत नसेल, तर त्यातून मार्ग काढता येत नाही.

या छंदाचं मर्म इथेच आहे. उपग्रह आणि उल्का पाहण्याला पैसे फारसे लागत नाहीत, पदवी लागत नाही. लागते ती वेळ लिहून ठेवण्याची सवय. ती सवय असलेल्या हौशी माणसांनी गेल्या साठ-सत्तर वर्षांत जे करून दाखवलं आहे, ते थक्क करणारं आहे.

सुरुवात स्पुटनिकच्याही, म्हणजे पहिल्या कृत्रिम उपग्रहाच्याही, आधीची. अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपल यांनी उपग्रहांवर नजर ठेवण्यासाठी सामान्य नागरिकांची पथकं उभी करायचं ठरवलं. योजनेचं नाव ‘मूनवॉच’. शिक्षक, विद्यार्थी, दुकानदार, गृहिणी अशी माणसं संध्याकाळी एका रांगेत बसत. प्रत्येकापुढे छोटी दुर्बीण आणि प्रत्येकाच्या वाट्याला आकाशाचा एक लहानसा तुकडा. सगळ्यांचे तुकडे मिळून उत्तर-दक्षिण असं आकाशातलं कुंपण तयार होई. उपग्रह ते कुंपण ओलांडताना ज्याला दिसे तो ओरडे, आणि शेजारी रेडिओवरच्या वेळेच्या ठोक्यांसह तो आवाज टेपवर नोंदला जाई. ४ ऑक्टोबर १९५७ ला स्पुटनिक उडाला तेव्हा ही पथकं कामाला लागली. त्या काळात जगभरच्या लोकांनी नुसत्या डोळ्यांनी ‘स्पुटनिक’ म्हणून जे पाहिलं, ते बहुतेक वेळा त्याच्यासोबत कक्षेत गेलेलं मोठं रॉकेट होतं. ५८ सेंटिमीटरचा तो गोळा स्वतः फार अंधूक होता. मूनवॉचच्या नोंदींवरून कक्षा काढायच्या आणि मग अचूक छायाचित्रं टिपायची, यासाठी जगात बारा ठिकाणी बेकर-नन नावाचे अवजड कॅमेरे बसवले गेले. त्यांतला एक आपल्या नैनितालला होता.

याच मूनवॉचच्या खात्यात लाडबोरीसारखीच एक गोष्ट जमा आहे. ५ सप्टेंबर १९६२ च्या पहाटे अमेरिकेतल्या मिल्वॉकीच्या पथकाने एक सोव्हिएत यान तुकडे होत जळताना पाहिलं आणि नोंदवलं. तिथून जवळच्या मॅनिटोवॉक गावात दोन पोलिसांना भर रस्त्यात धातूचा एक तुकडा पडलेला दिसला. आधी त्यांना ते भंगार वाटलं. पण पथकाने नोंदलेली वेळ आणि दिशा जुळली, आणि ९ किलोच्या आसपासचा तो तुकडा स्पुटनिक मालिकेतल्या चौथ्या यानाचा असल्याचं निश्चित झालं.

आज हा छंद सुरू करायचा तर पहिला मान आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचा. नोव्हेंबर १९९८ पासून तुकड्या-तुकड्यांनी जोडलेलं हे स्थानक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १०९ मीटर आहे, सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर आहे आणि दीड तासात पृथ्वीला फेरी मारतं. उपग्रहांच्या यादीत त्याचा क्रमांक २५५४४. ‘हेवन्स अबव्ह’सारख्या संकेतस्थळावर आपलं गाव निवडलं की ते कधी, कोणत्या दिशेला, किती उंचीवर दिसेल याचं वेळापत्रक मिळतं.

वेळापत्रक हातात घेऊन गच्चीवर उभं राहावं. समजा, संध्याकाळी ७ वाजून ८ मिनिटं. वायव्येला, समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर, एक फिकट ठिपका उगवतो. लुकलुकत नाही, लाल-हिरवे दिवे नाहीत, आवाज नाही. मिनिटभरात तो व्याधाच्या ताऱ्यापेक्षा ठळक होतो. डोक्यावर येतो तेव्हा शेजारचे, मुलं, राखणदार, सगळेच मान मागे टाकून बघत असतात. आणि आग्नेयेकडे झुकताना, क्षितिज अजून दूर असताना, तो मंद होत होत पुसला जातो. ढग आलेला नसतो. स्थानक पृथ्वीच्या सावलीत शिरलेलं असतं. दुर्बिणीतून पाहिलं तर शेवटच्या काही सेकंदांत त्याचा रंग तांब्यासारखा होताना दिसतो, कारण तिथे पोहोचणारा सूर्यप्रकाश आपल्या वातावरणाच्या कडेतून गाळून आलेला असतो. स्थानकावरच्या माणसांचा तो सूर्यास्त असतो. आपण गच्चीतून तो पाहतो.

उपग्रह संध्याकाळी आणि पहाटेच का दिसतात, याचंही उत्तर यातच आहे. त्यांना स्वतःचा उजेड नाही. आपल्याकडे अंधार पडलेला हवा आणि चारशे-पाचशे किलोमीटर वर अजून ऊन हवं. हा योग सूर्यास्तानंतरचा तास-दोन तास आणि सूर्योदयाआधीचा तेवढाच काळ असतो. मध्यरात्री जवळून जाणारे बहुतेक उपग्रह सावलीत असतात.

मे २०१९ मध्ये या छंदाचं स्वरूपच पालटलं. स्टारलिंक या उपग्रह-इंटरनेट सेवेचे पहिले ६० उपग्रह एकदम सोडले गेले आणि नेदरलँड्समधल्या लायडन गावातून मार्को लँगब्रोक या उपग्रह-निरीक्षकाने त्यांची माळ टिपली. ती चित्रफीत जगभर फिरली. तशा माळा तेव्हापासून महाराष्ट्रातही अनेकदा दिसल्या आहेत. एकामागोमाग एक समान अंतरावर चाललेले दिवे पाहून मुलांना आगगाडी आठवते आणि मोठ्यांना धसका बसतो. सोडल्यानंतर पहिले काही दिवसच ते असे रांगेत असतात. मग एकेक करून वरच्या कक्षेत पांगतात. दृश्य विलक्षण, यात वाद नाही. पण आज असे हजारो उपग्रह आहेत आणि खगोलशास्त्रज्ञांच्या मोठ्या दुर्बिणींच्या छायाचित्रांवर त्यांच्या रेघा उमटत आहेत. अंधारं आकाश ही सगळ्यांची ठेव आहे. ती कोणत्याही एका व्यवसायाच्या सोयीने खर्च होणं बरोबर नाही.

लँगब्रोक यांचं आणखी एक काम सांगण्यासारखं आहे. ३० ऑगस्ट २०१९ ला अमेरिकेच्या अध्यक्षांनी इराणमधल्या जळालेल्या रॉकेट-तळाचं एक अतिशय सुस्पष्ट छायाचित्र जाहीर केलं. ते कशातून काढलं, हे अर्थातच सांगितलं नव्हतं. लँगब्रोक आणि इतर हौशी निरीक्षकांनी चित्रातल्या सावल्यांवरून वेळ काढली, गोल तळ कोणत्या बाजूने किती चपटा दिसतो त्यावरून कॅमेऱ्याची दिशा काढली आणि त्या क्षणी तिथे कोण होतं ते पाहिलं. उत्तर मिळालं यूएसए २२४, अमेरिकेचा एक हेरगिरी उपग्रह. त्याची कक्षा सरकारी यादीत नसते. पण निरीक्षक कित्येक वर्षं रात्री-अपरात्री उठून, तो दोन ताऱ्यांमधून कधी गेला हे स्टॉपवॉचवर टिपत आले होते. त्यांची यादी तयार होती.

डोळ्यांऐवजी कान लावणारेही आहेत. इंग्लंडमधल्या केटरिंग इथल्या शाळेत जेफ्री पेरी नावाचे भौतिकशास्त्राचे शिक्षक मुलांना घेऊन सोव्हिएत उपग्रहांचे रेडिओ संकेत ऐकत. १९६६ मध्ये त्यांच्या लक्षात आलं की एका उपग्रहाचा मार्ग माहीत असलेल्या कोणत्याच रॉकेट-तळाशी जुळत नाही. अशा रीतीने एका शाळेने प्लेसेत्स्कचा गुप्त तळ हुडकला. अलीकडचं उदाहरण जानेवारी २०१८ चं. कॅनडातले स्कॉट टिली दुसऱ्याच उपग्रहाच्या शोधात असताना त्यांना नासाच्या ‘इमेज’ या उपग्रहाचा संकेत मिळाला. डिसेंबर २००५ पासून तो गप्प होता आणि नासाने त्याचा नाद सोडलेला होता.

उल्कांचा स्वभाव वेगळा. उपग्रह वेळापत्रकाने येतो, उल्का सांगून येत नाही. ‘तारा तुटला’ असं आपण म्हणतो, पण तुटतो तो ज्वारीच्या दाण्याएवढा खडा, कधी त्याहूनही बारीक कण. जमिनीपासून साधारण ८० ते १२० किलोमीटर उंचीवर तो पेट घेतो. धूमकेतू सूर्याजवळून जाताना आपल्या वाटेवर अशी धूळ सांडत जातो आणि पृथ्वी दर वर्षी ठरावीक तारखांना ती वाट ओलांडते. १९८६ मध्ये ज्यांनी हॅलीचा धूमकेतू पाहिला त्यांना तो पुन्हा २०६१ शिवाय भेटणार नाही. पण त्याची धूळ मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आणि २१ ऑक्टोबरच्या सुमारास आपल्या आकाशात दर वर्षी जळते. मे महिन्यातला वर्षाव उत्तर युरोपातल्या निरीक्षकांना नीट मिळत नाही, कारण त्याचा उगम तिथे उजाडायच्या जेमतेम आधी क्षितिजावर येतो. आपल्याला मात्र पहाटे तीननंतर तो चांगला सापडतो.

ऑगस्टमधला ययातीचा वर्षाव जगात सर्वांत गाजलेला; आपल्याकडे तो पावसाळी ढगांत जातो. त्याची भरपाई डिसेंबरात होते. १३ आणि १४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतून उल्का येतात. त्यांचा जनक धूमकेतू नसून फेथॉन नावाचा लघुग्रह मानला जातो. तो १९८३ मध्ये सापडला. या उल्का सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर अशा मध्यम वेगाच्या, म्हणून डोळ्यांना सुखद. त्यांचा उगम पुनर्वसूच्या जोडताऱ्यांजवळ आहे आणि रात्री दोनच्या सुमारास पुनर्वसू महाराष्ट्रात जवळजवळ डोक्यावर असतं. आकाश कोरडं, थंडी सोसवणारी आणि उगम माथ्यावर, असा योग जगातल्या फार थोड्या प्रदेशांना लाभतो. पुस्तकात तासाला १२० ते १५० उल्का असा आकडा दिलेला असतो. तो निखळ अंधाराचा आणि उगम थेट माथ्यावर असतानाचा. गावाबाहेर शेतात बसलेल्या माणसाने तासाला चाळीस-पन्नास पाहिल्या तरी रात्र सार्थकी लागते.

पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आणि मुंबईचं खगोल मंडळ हॅलीच्या धूमकेतूच्या वेळेपासून आकाश पाहायला शिकवत आहेत. खगोल मंडळाचे वांगणीचे रात्रभराचे कार्यक्रम अनेकांची पहिली शाळा ठरले आहेत. उल्कांच्या रात्री माणसं सतरंजीवर पाठ टेकून, शाल-कानटोपी घालून गोल करून पडतात, पाय मध्यावर आणि डोकी बाहेर, म्हणजे सगळ्या दिशा वाटून घेता येतात. एकाजवळ वही आणि लाल कागद लावलेली बॅटरी. ‘उल्का!’ अशी हाक आली की वहीवाला घड्याळ पाहतो आणि लिहितो: १ वाजून ४७ मिनिटं, पुनर्वसूकडून, रोहिणीइतकी तेजस्वी, पिवळसर, माग नाही. पुढची: १ वाजून ५१, उलट्या दिशेने, म्हणजे या वर्षावातली नव्हे. मध्येच कुणी डुलकी काढली किंवा चहाला उठलं तर तीही वेळ लिहायची, कारण न पाहिलेली मिनिटं हिशेबातून वजा करावी लागतात. १९८८ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय उल्का संघटना हौशी निरीक्षकांच्या अशा नोंदी गोळा करते आणि कोणत्या वर्षी धुळीचा पट्टा किती दाट होता हे त्यांवरून ठरतं.

आता छायाचित्रं. अवकाश स्थानकाची रेघ मोबाइलवरही येते. मोबाइल ट्रायपॉडवर घट्ट बसवायचा, प्रो मोडमध्ये शटर दहा सेकंदांवर ठेवायचं आणि एकामागून एक फोटो घ्यायचे. डोक्यावर असताना स्थानक सेकंदाला एक अंश सरकतं, म्हणून दहा सेकंदांत चांगली लांब रेघ मिळते. चौकटीत देवळाचा कळस, वडाचं झाड, किल्ल्याचा बुरूज आला तर फोटोला जागेची ओळख मिळते.

उल्केसाठी कॅमेरा हवा, आणि इथे नवशिके एका गोष्टीत हमखास चुकतात. त्यांना वाटतं, शटर जितका वेळ उघडं तितकी उल्का ठळक. तसं होत नाही. उल्का सेन्सरच्या एकेका बिंदूवरून सेकंदाच्या अगदी छोट्या अंशात निघून जाते. त्यानंतर शटर मिनिटभर उघडं राहिलं तरी तिच्यात भर पडत नाही, फक्त आकाश पांढुरकं होतं. उल्का पकडते ती मोठ्या तोंडाची लेन्स आणि जास्त आयएसओ. १८ ते २४ मिलिमीटरची लेन्स, एफ २.८ किंवा त्याहून मोठं अ‍ॅपर्चर, आयएसओ १६०० ते ३२००, शटर १५-२० सेकंद आणि इंटरव्हलोमीटर लावून न थांबता रात्रभर. फोकस ठळक ताऱ्यावर हाताने साधून तिथे चिकटपट्टी लावायची. कॅमेऱ्याचं घड्याळ सुरुवातीलाच मोबाइलशी जुळवून घ्यायचं. पाचशे-सहाशे फोटोंत चार उल्का आल्या तर कमाई चांगली झाली. मात्र डिसेंबरात पहाटे दव पडतं आणि लेन्सवर धुकं धरतं. छोटी हीटर-पट्टी नसेल तर हात शेकायच्या रासायनिक पुड्या रबरबँडने लेन्सभोवती बांधल्या की काम भागतं.

सकाळी फोटो चाळताना रेघा वाचता यायला हव्यात. विमानाची रेघ ठिपक्यांची, दिव्यांमुळे टाके घातल्यासारखी. उपग्रहाची रेघ एकसारखी, आणि ती पुढच्या फोटोतही तिथूनच पुढे चालू. उल्का एकाच फोटोत, दोन्ही टोकांना निमुळती, मध्ये कुठेतरी फुगलेली, बऱ्याचदा सुरुवातीला हिरवट.

सूर्यबिंबावरून जाणारं अवकाश स्थानक टिपणं ही या छंदातली वरची पायरी. फ्रेंच छायाचित्रकार थिएरी लेगो यांनी १३ मे २००९ ला फ्लोरिडातून अटलांटिस यान आणि हबल दुर्बीण सूर्यावरून एकत्र जाताना टिपली; सगळा खेळ एका सेकंदाच्या आत संपला. असं दृश्य काही किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यातूनच दिसतं, म्हणून आधी नकाशा, मग प्रवास. लेन्सच्या पुढे योग्य सौर गाळणी लावल्याशिवाय सूर्याकडे कॅमेरा किंवा दुर्बीण वळवू नये, डोळा कायमचा जाऊ शकतो.

रात्रभर जागणं ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी स्वयंचलित कॅमेरे आहेत. ‘ग्लोबल मीटिऑर नेटवर्क’ या जागतिक जाळ्यात हौशी लोक घराच्या छपरावर सुरक्षेसाठी वापरतात तसा संवेदनशील कॅमेरा आणि रास्पबेरी पाय हा छोटा संगणक बसवतात. दोन ठिकाणांहून एकच उल्का टिपली गेली की तिची उंची, वेग आणि सूर्याभोवतीची मूळ कक्षा काढता येते. छायाचित्रांवरून कक्षा कळलेली पहिली अशनी, म्हणजे जमिनीपर्यंत पोहोचलेली उल्का, चेकोस्लोव्हाकियात प्रिब्राम इथे १९५९ मध्ये पडली. २८ फेब्रुवारी २०२१ च्या रात्री इंग्लंडवर एक अग्निगोल चमकला. कॅमेऱ्यांनी त्याचा माग काढला आणि दुसऱ्या दिवशी विंचकोम्ब गावात एका घरासमोरच्या वाटेवर काळ्या भुकटीचा ढीग मिळाला. तीस वर्षांत ब्रिटनमध्ये सापडलेली ती पहिली अशनी होती, कार्बनयुक्त आणि अतिशय दुर्मीळ जातीची. उल्कापाताचं जगातलं एक नामांकित विवर, लोणार, आपल्या बुलढाण्यात आहे. त्या महाराष्ट्राच्या छपरांवर असे कॅमेरे शाळाशाळांतून लागायला हवेत.

अंधार शोधायलाही आता फार लांब जावं लागत नाही. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, तीही महाराष्ट्राच्या बाजूला. बाकीच्यांना गावाबाहेरचा माळ, धरणाची भिंत, आजोळच्या शेतातलं खळं पुरेल.

येत्या १३ डिसेंबरला रात्री अकरानंतर बाहेर पडा. चंद्र कधी मावळतो ते आधी पंचांगात बघा, अर्धा तास मोबाइलकडे न पाहता डोळे अंधाराला सरावू द्या, आणि पहिली उल्का दिसली की तिची वेळ, दिशा आणि जागा लगेच लिहून घ्या.